अजिंठ्याचे दोन महाकपि आणि रज्जुग्रन्थिविचार

१

सोयगांव तालुक्यांत लेणापूरनजीक वाघोरा नदीच्या नालाकार कड्यांत खोदलेलीं अजिंठ्याचीं लेणीं गेलीं दोनशें वर्षें विद्वानांच्या अभ्यासाचा विषय झालीं आहेत. जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें आपलें नांव व २८ एप्रिल १८१९ ही तारीख दहाव्या लेण्यांतील खांबावर कोरून ठेविली. तेथून पुढें फर्ग्युसन, भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी, बर्जेस, याझदानी, मिराशी अशी अभ्यासकांची मालिकाच लागते. लिपि, चित्र, शिल्प, राजवंश आणि धर्मसंप्रदाय या सर्व अंगांनीं तेथील साधनें तपासलीं गेलीं. प्रस्तुत लेखांत एका लहानशा अंगाचा विचार करावयाचा आहे. परंतु व्यवहारांत त्याची गांठ थेट जिवाशीं आहे. तें अंग म्हणजे दोर आणि दोराची गांठ.

हा विषय घेण्याचें कारण असें. शिलालेख आणि जुनीं साधनें शोधणाऱ्या मंडळींस किल्ल्यांवरील कोरड्या टांक्यांत, विहिरींच्या पोटांतील कोनाड्यांत व कड्यावर अर्धवट खोदून सोडलेल्या कोठड्यांत उतरण्याचे प्रसंग वारंवार येतात. सोयगांवचा परिसर तर अशा स्थळांनीं भरलेला आहे. अजिंठ्याचें अठ्ठाविसावें लेणें ओळीच्या शेवटीं असून तेथें पोंचणें दुर्घट आहे. एकोणतिसावें सर्वांत वरच्या पातळीवर, विसाव्या व एकविसाव्या लेण्यांच्या दरम्यान आहे. जंजाळ्याजवळच्या दरींत घटोत्कच लेणें असून, तेथील लेख वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याचा आहे. याच वराहदेवाचा लेख अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत आहे. शिवाय वेताळवाडीचा किल्ला, त्याचे कडे व टांकीं आहेतच. अशा ठिकाणीं शेतांतील कासरा किंवा विहिरीवरचा दोर कमरेला गुंडाळून, वर दोघां-चौघांना धरावयास सांगून खालीं उतरावयाचें, ही चाल अद्यापि मोडलेली नाहीं. या चालींत कोणता धोका आहे तो आजच्या गुहाशोधकांच्या शास्त्रानें सिद्ध केलाच आहे. परंतु त्यांतील दोन मुख्य नियम अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत चितारलेल्या कथांत पूर्वींच सांगून ठेविले आहेत, हें येथें दाखवावयाचें आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करूं. संस्कृतांत दोराला रज्जु, दाम, गुण, पाश, शुल्ब, वरत्रा असे अनेक शब्द आहेत, आणि ते सर्वस्वी समानार्थक नाहींत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील एकशें एकाव्या सूक्तांत विहिरीचें पाणी काढण्याच्या प्रसंगीं वरत्रा हा शब्द येतो. कौटिल्यानें कुप्याध्यक्षाच्या प्रकरणांत मुंज, बल्वज इत्यादि तृणें दोराचा कच्चा माल म्हणून नोंदिलीं आहेत. आणि सूत्राध्यक्षाच्या प्रकरणांत सुताच्या व सालीच्या दोरास रज्जु, तर वेताच्या व बांबूच्या दोरास वरत्रा असा भेद केला आहे. हा भेद पुढें उपयोगी पडणार आहे. मनुस्मृतींत विहिरीवरील दोर किंवा घडा चोरणारास एक माष दंड सांगून ती वस्तु परत आणून ठेवण्याची आज्ञा केली आहे. यावरून विहिरीचा दोर ही सर्वांच्या विश्वासाची वस्तु मानली जात होती हें उघड आहे. शुल्बसूत्रांत रज्जु हें यज्ञवेदीच्या मापाचें साधन आहे. सुश्रुतानें व्रणबंधनाचे चौदा प्रकार सांगितले असून गांठ व्रणाच्या वर येऊं देऊं नये असेंही बजाविलें आहे. म्हणजे गांठ कोणती, याबरोबर ती कोठें बसते, हा विचार वैद्यांनीं केलेला होता.

मराठींत या वस्तूंची नांवें शेतीनें व बलुत्यानें दिलीं. जनावराचें दावें, बैलाचा कासरा, खाटेचें सुंभ, ओझें आंवळण्याचें चऱ्हाट, मोटेचा नाडा व सोंदूर. मोटेला दोन दोर असत: जाड नाडा सर्व भार पेली, आणि बारीक सोंदूर मोटेची सोंड सांभाळी. कोणत्या दोरानें कोणतें काम करावयाचें हा विवेक कुणब्याच्या अंगवळणीं पडलेला होता. सोंदुरावर मोट ओढण्याचा विचार कोणी केला नसता. अंबाडी, ताग व घायपात यांचे दोर वळून देणें हें मांग बलुतेदारांचें वंशपरंपरागत कसब होतें, आणि गांवच्या प्रत्येक विहिरीवर माणसाचा व बैलाचा जीव त्या कसबावर अवलंबून असे. गांठींना निरगांठ, सुरगांठ, सरकफांस अशीं नांवें आहेत. निरगांठ आंवळते व सहजासहजीं सुटत नाहीं. सुरगांठ एक टोंक ओढतांच सुटते. सरकफांस भार येईल तसतसा आवळत जातो. हे तीन शब्द नीट ध्यानांत ठेवणाराला दोराच्या शास्त्राचा अर्धा भाग अवगत झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पोथ्यांचा संग्रह करणारांस येथें आणखी एक गोष्ट रुचेल. ग्रन्थ आणि ग्रन्थि हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून झालेले आहेत. ताडपत्रें ओंवून सूत्रानें बांधावयाचीं, म्हणून तो ग्रन्थ. गांठ सुटली तर पत्रें विस्कटतात, क्रम बिघडतो आणि पुढें संपादकांच्या नशिबीं कष्ट येतात.

३

आतां मुख्य विषय. अजिंठ्याचें सतरावें लेणें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील, हरिषेणाच्या एका मांडलिकानें खोदविलेलें आहे. त्यांत ज्या अनेक जातककथा चितारल्या आहेत त्यांमध्यें महाकपीच्या दोन निरनिराळ्या कथा आहेत. पालि जातकसंग्रहांत त्यांचे क्रमांक ४०७ व ५१६ असे आहेत. आर्यशूराच्या संस्कृत जातकमालेंतही या दोन्ही कथा आल्या आहेत. जातकमालेचा अजिंठ्याशीं साक्षात् संबंध आहे: दुसऱ्या लेण्यांतील चित्रांजवळ लिहिलेले श्लोक जातकमालेंतील आहेत हें हाइनरिख ल्यूडर्स यांनीं १९०२ मध्यें दाखविलें. म्हणून पालि व संस्कृत हे दोन्ही पाठ समोर ठेवूनच या चित्रांकडे पाहिलें पाहिजे. चित्रें आज भग्न आहेत. दोराचा व गांठीचा तपशील ग्रंथांतूनच घ्यावा लागतो.

पहिली कथा अशी. गंगेच्या तीरावरील एका आम्रवृक्षावर मोठा वानरसमूह राहत असे व बोधिसत्त्व त्यांचा राजा होता. त्या झाडाचें एक फळ प्रवाहांतून वाहत वाराणसीच्या राजास मिळालें. राजा सैन्यासह शोध करीत आला व रात्रीं धनुर्धरांनीं झाडाला वेढा दिला. तेव्हां वानरराजानें एका उडींत शंभर धनुष्यांचें अंतर ओलांडून पैलतीर गांठलें. तेथें त्यानें एक लांब वेत मुळाशीं तोडला, सोलून साफ केला आणि माप केलें. पालि कथाकार या ठिकाणीं फार नेमका तपशील देतो. इतका भाग झाडाला बांधण्यांत जाईल, इतका भाग अंतराळांत राहील, असे दोनच भाग वानरराजानें मोजले. स्वतःच्या कमरेला बांधण्यांत जो भाग खर्च व्हावयाचा तो त्याच्या ध्यानांत आला नाहीं. वेताचें एक टोंक झाडाला व दुसरें कमरेला बांधून त्यानें परत उडी घेतली, आणि वेत नेमका तेवढाच कमी पडला. तेव्हां त्यानें दोन्ही हातांनीं आंब्याची फांदी घट्ट धरिली आणि स्वतःचें शरीरच सेतूचा उरलेला भाग केलें. सारीं वानरें त्याच्या पाठीवरून पार गेलीं. शेवटीं देवदत्ताच्या पूर्वजन्मींच्या वानरानें मुद्दाम उंचावरून पाठीवर उडी टाकिली व त्या आघातानें महाकपीचें हृदय फुटलें.

धर्मोपदेशक या कथेंतून स्वार्थत्याग शिकवितात, आणि तें योग्यच आहे. परंतु कथेचा सांधा गांठीच्या मापावर फिरतो हें विसरतां कामा नये. ज्यानें कधीं दोर बांधला नाहीं त्याला हा तपशील सुचणार नाहीं. गांठ बांधण्यांत दोर खर्च होतो, आणि दोराचा हिशेब सदैव तीन भागांचा असतो: वरच्या खुंटाचा, मधल्या अंतराचा आणि शरीराचा. कौटिल्याच्या परिभाषेंत हा वेत म्हणजे वरत्राच. कथाकाराच्या काळीं वेताचा दोर म्हणून उपयोग सर्वांस परिचित होता.

जातकमालेंत हीच कथा थोडी निराळी आहे. तेथें महाकपि लांब, बळकट व खोल मुळें गेलेला वेत निवडतो आणि तो आपल्या पायांस गुंडाळतो. वेत मुळाशीं तोडीत नाहीं. त्याचें मूळ हाच वरचा खुंट होय. मापाची चूक या पाठांत येत नाहीं. एका पाठांत खुंटाशीं गांठ आहे, दुसऱ्यांत खुंट स्वयंभू आहे. एका पाठांत कमर बांधली आहे, दुसऱ्यांत पाय. भारहूतच्या स्तूपावरील इ. स. पूर्वीचें शिल्प, जें आतां कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयांत आहे, त्यांत हीच कथा कोरलेली असून खालीं दोन मनुष्यें एक वस्त्र ताणून धरून उभीं आहेत. वरून पडणाऱ्या महाकपीस झेलण्याची ती योजना आहे. दोर अपुरा पडला तर खालीं काय, याचा विचार शिल्पकारानें केला आहे.

४

दुसरी कथा खोल दरींत पडलेल्या मनुष्याची आहे. हरवलेलीं जनावरें शोधतां शोधतां एक मनुष्य अरण्यांत वाट चुकला, फळांसाठीं टेंभुरणीच्या झाडावर चढला आणि फांदी मोडून कड्याखालच्या डोहांत पडला. बाहेर येण्यास मार्ग नव्हता. कांहीं दिवसांनीं महाकपीनें त्याला पाहिलें व पाठीवर घेऊन वर आणण्याचें ठरविलें. परंतु त्यानें लगेच मनुष्याला पाठीवर घेतलें नाहीं. प्रथम मनुष्याएवढ्या वजनाची शिळा पाठीवर घेऊन त्यानें कडा चढण्याचा सराव केला; आपलें बळ पुरतें असें ठरल्यावरच त्यानें मनुष्याला उचललें. पुढें थकून झोंपलेल्या महाकपीच्या मस्तकावर त्याच मनुष्यानें दगड घातला, हा कथेचा उत्तरार्ध सर्वश्रुत आहे.

येथें दोर नाहीं. परंतु नियम आहे. ज्यावर जीव टांगावयाचा त्यावर आधीं तेवढेंच निर्जीव वजन टाकून पाहावें. पहिली कथा मापाचा नियम सांगते, दुसरी परीक्षेचा. दोन्ही कथा एकाच लेण्याच्या भिंतींवर आहेत. कड्यांत लेणीं खोदणाऱ्या कारागिरांच्या दृष्टीसमोर त्या असतील तर त्यांचा अर्थ त्यांना वेगळा सांगावा लागला नसेल.

५

मराठ्यांच्या इतिहासांत दोराचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० रोजीं सिंहगड घेतला तो. या प्रसंगाच्या साधनांचा क्रम लाविला तर दोराविषयीं कांहीं शिकण्यासारखें निघतें. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लिहिलेल्या सभासद बखरींत घोरपड नाहीं. तेथें तानाजीनें निवडलेले दोन मावळे रात्रीं कड्यावरून हातांपायांनीं वर गेले, त्यांनीं वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लाविली आणि मग इतर लोक व स्वतः तानाजी वर चढले, असा सरळ वृत्तांत आहे. ग्रँट डफनें १८२६ मध्यें छापलेल्या इतिहासांतही एक मनुष्य आधीं वर चढून दोराची शिडी बांधतो. यशवंती घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांत. हा पोवाडा ॲक्वर्थ व शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहानें सर्वत्र पसरला.

काव्यांत घोरपडीस स्थान आहेच. परंतु इतिहासाच्या व दोराच्या दृष्टीनें सभासदाचा वृत्तांतच विश्वासास पात्र ठरतो. घोरपड कपारींत नखें रुतवून बसली तरी तिच्या पकडीची परीक्षा खालून कोणी करूं शकत नाहीं. वर गेलेला मनुष्य मात्र खुंट पाहतो, दगड हालवून पाहतो, गांठ बांधतो, ओढून पाहतो आणि मगच खालच्यास खूण देतो. शेंकडों माणसें एकामागून एक ज्या माळेवर चढावयाचीं ती माळ पशूच्या नखांवर टांगणें सेनापतीच्या शहाणपणाशीं जुळत नाहीं. त्याच रात्रीं तानाजी पडल्यावर परतीचे दोर नाहींसे झाले आहेत असें सांगून सूर्याजीनें पळणारांस मागें फिरविलें, हें ग्रँट डफनेंही नमूद केलें आहे. मराठी भाषेंत परतीचे दोर कापणें हा वाक्प्रचार या कथेमुळेंच रूढ झाला. रणांगणावर तो शौर्याचा आहे. गुहेंत व टांक्यांत उतरणारानें मात्र परतीचा दोर प्रथम पाहावा.

६

आतां आजचें शास्त्र काय सांगतें तें पाहूं. सरळ ताणलेल्या दोराचे सर्व तंतु भार सारखा वाटून घेतात. गांठींत दोर वळतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाचे तंतु अधिक ताणले जातात, आंतल्या अंगाचे दबतात आणि भाराची वांटणी विषम होते. म्हणून भार वाढत गेल्यास दोर बहुधा गांठीशींच तुटतो. साधी एकेरी गांठ दोराचें सुमारें साठ टक्के बळ शिल्लक ठेवते. नावाड्यांची न सरकणाऱ्या फांसाची गांठ सुमारें दोन-तृतीयांश. आणि इंग्रजी आठच्या आंकड्यासारखी वळविलेली दुहेरी गांठ सुमारें तीन-चतुर्थांश. हे आंकडे दोराच्या जातीप्रमाणें व गांठ किती नीट बसविली त्याप्रमाणें कमीअधिक होतात. आठाची गांठ गुहाशोधकांस प्रिय आहे ती एवढ्या बळामुळें, आणि ती बरोबर बसली कीं नाहीं हें दुसऱ्यास एका दृष्टिक्षेपांत कळतें यामुळेंही.

आजचा गुहादोर नायलॉनचा असतो. नायलॉनचा शोध १९३५ मधला. या दोराला आंत गाभा व बाहेर विणलेली खोळ असते. भार मुख्यत्वें गाभा पेलतो आणि खोळ त्याचें घर्षणापासून रक्षण करते. अशा कमी ताणल्या जाणाऱ्या दोरांसाठीं युरोपीय मानक क्रमांक १८९१ आहे. त्याच्या पहिल्या प्रतीच्या दोरानें गांठीशिवाय निदान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारें २२४० किलोग्रॅम वजनाएवढा भार पेलला पाहिजे, आणि टोंकाशीं गांठ असतां निदान १५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारें १५३० किलोग्रॅम. मानक लिहिणारांनीं दोर व गांठलेला दोर यांचीं परिमाणें वेगळालीं ठेविलीं आहेत, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

एवढा भार पेलणाऱ्या दोरास ऐंशी किलोग्रॅमचा मनुष्य म्हणजे कांहींच नव्हे, असें वाटेल. स्थिर लोंबणाऱ्या मनुष्यापुरतें तें खरेंही आहे. परंतु मनुष्य थोडा जरी सैल दोरावर पडला तरी दोरावरील भार त्याच्या वजनाच्या अनेक पट होतो; आणि जो दोर कमी ताणला जातो तो धक्का पचवीत नाहीं, तसाच खुंटाकडे व शरीराकडे पोंचवितो. पडलेलें अंतर व त्या वेळीं मध्यें असलेल्या दोराची लांबी यांचें गुणोत्तर जितकें मोठें तितका धक्का मोठा. म्हणून खुंटाजवळ, आंखूड दोरावर, सैल राहून उभें असणें हें खोल अंतराळांत लोंबण्यापेक्षां अधिक धोक्याचें आहे. दोन खुंटांना विभागून बांधल्यास भार निमा होतो अशी समजूत आहे. पण दोन फांट्यांमधील कोन १२० अंश झाला कीं प्रत्येक खुंटावर पूर्ण वजन येतें. कोन जितका लहान तितकें बरें.

दोराचे शत्रु अनेक. आपल्याकडील बेसॉल्टच्या कातळाची छिन्नीनें तोडलेली कड दोराला करवतीप्रमाणें कापते. नायलॉन ओला झाला म्हणजे त्याचें कांहीं बळ घटतें. आम्लाच्या स्पर्शानें तो बाहेरून धड दिसत असतांही निकामी होतो. आणि एक दोर दुसऱ्या स्थिर दोराच्या एकाच बिंदूवर घांसत राहिला तर घर्षणाच्या उष्णतेनें वितळून तुटतो. अंबाडी, ताग व घायपात यांचे दोर दमट जागीं आंतून कुजतात. वरून पीळ शाबूत, आंत भुसा. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं ही म्हण आपण हट्टी माणसास लावतों. दोरास ती अक्षरशः लागू आहे, आणि तेथें पीळ पाहून विश्वास ठेवणारा फसतो. शिवाय पिळाच्या दोरावर मनुष्य लोंबला म्हणजे पीळ उलगडूं पाहतो व मनुष्य गरगर फिरतो.

७

पाश्चात्यांच्या इतिहासांतील दोन अपघात येथें सांगणें उचित होईल. कारण त्यांवरून पुढील नियम घडले. १४ जुलै १८६५ रोजीं आल्प्स पर्वतांतील मॅटरहॉर्न शिखर प्रथम सर करून सात जण उतरत असतां एकाचा पाय घसरला, दोर तुटला व चौघे मृत्युमुखीं पडले. त्यांच्यापाशीं तीन प्रकारचे दोर होते. तुटला तो सर्वांत जुना व दुर्बल. बळकट दोर जवळ असून उपयोगाचा झाला नाहीं. मोटेच्या नाड्याचा व सोंदुराचा विवेक तेथें राहिला नव्हता.

दुसरा अपघात गुहेंतीलच आहे. फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवर पिरेनीज पर्वतांत प्येर-सें-मार्तें नांवाचें विवर आहे. त्याचा पहिला उभा खड्डा तीनशें मीटरांहून अधिक खोल आहे. १९५२ च्या ऑगस्टांत मार्सेल लूबां हा फ्रेंच गुहाशोधक पोलादी तारेला लटकून वर येऊं लागला. तार तुटली नाहीं. तार व त्याच्या अंगावरचे पट्टे यांना जोडणारा चिमटा सुटला आणि तो खालीं खडकांवर कोसळून त्या विवरांतच मरण पावला. त्याचें शव बाहेर काढण्यास १९५४ साल उजाडलें. पोलादी तारेच्या बळाविषयीं कोणास शंका नव्हती. सांधा मात्र दुर्बल निघाला. महाकपीच्या कथेंत जो तिसरा भाग मोजावयाचा राहिला, म्हणजे शरीराशीं असलेली बांधणी, तोच येथेंही घातक ठरला.

८

वरील सर्व विचारावरून, साधनशोधार्थ टांक्यांत, विहिरींत वा कड्यावरील कोठडींत उतरणारांनीं पुढील गोष्टी पाळाव्या असें सुचवावेंसें वाटतें.

दोराचें माप तीन भागांत करावें: खुंटाचा भाग, अंतराचा भाग व बांधणीचा भाग. त्यांवर कांहीं हात अधिक दोर ठेवावा, आणि दोराच्या खालच्या टोंकास न चुकतां एक जाड गांठ मारून ठेवावी. दोर आंखूड निघाला तर उतरणारा त्या गांठीशीं अडतो. गांठ नसेल तर टोंक हातांतून निसटून तो खालीं जातो. या एका गांठीच्या अभावीं अनुभवी माणसेंही प्राणांस मुकलीं आहेत.

जिवंत मनुष्य सोडण्यापूर्वीं त्याच्या वजनाहून अधिक वजनाचें दगडांचें पोतें त्याच दोरावर, त्याच गांठींनीं, त्याच खुंटावरून सोडून पाहावें. पोतें अलगद सोडावें, आपटूं नये. दोर आधींच कुजलेला वा कापलेला असेल तर ही परीक्षा पुरेशी नाहीं. म्हणून उतरण्याच्या पूर्वीं संपूर्ण दोर हातांत धरून बोटांनीं चाचपावा. जेथें गाभा मऊ, पोकळ किंवा गांठाळ लागेल तेथून दोर टाकून द्यावा. बैलाचा कासरा व पाणी शेंदण्याचा दोर माणसासाठीं वापरूं नये.

सरकफांस कमरेला कधींही लावूं नये. भार येतांच तो आवळतो व श्वास कोंडतो. नुसती कमर बांधून लोंबणें हेंच मुळीं घातक आहे. मांड्यांस आधार देणारे पट्टे हवेत. पण पट्ट्यांत निश्चल लोंबत राहिलेला मनुष्यही थोड्याच वेळांत मूर्च्छित होऊं शकतो. म्हणून त्याला वर ओढण्याची योजना उतरण्यापूर्वींच तयार असावी. बांधणारानें बांधलेली गांठ दुसऱ्यानें पाहावी. सुरगांठ ओझ्याला शोभते, माणसाला नव्हे.

खुंट दोन असावे, व एक सुटला तर दुसऱ्यावर धक्का न बसेल अशी रचना असावी. जेथें दोर कातळाच्या कडेवरून जातो तेथें जाड गोणपाट घालावें. कड्यावरील आग्या मोहोळें आधीं पाहावीं. दोरावर लोंबणाऱ्यास पळतां येत नाहीं. जुन्या टांक्यांत व बंद तळघरांत हवा दूषित असते. तेथें दोर बळकट असूनही मनुष्य बेशुद्ध पडतो.

सर्वांत शेवटीं, लेण्यांतील खांबास, मूर्तीस वा कोरीव द्वारशाखेस दोर बांधूं नये. अजिंठा व घटोत्कच हीं दोन्ही स्थळें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालीं आहेत, आणि अजिंठा १९८३ पासून जागतिक वारशांत गणला गेला आहे. तेथें असे उद्योग अनुज्ञेवांचून करणें हा अपराध आहे. चित्रलेप चुना, माती व तुसाचा असतो; त्यावर घांसलेला दोर एका क्षणांत तें पुसतो जें पंधराशें वर्षें टिकलें.

९

या लेखाचें तात्पर्य दोन प्रकारचें आहे. व्यवहारांत असें कीं, गुहेंत उतरणाऱ्याचा घात बहुधा दोर तुटून होत नाहीं. तो गांठीनें, मापानें, सांध्यानें किंवा कडेनें होतो. म्हणून दोर विकत घेतांना जेवढी चौकशी करावयाची तेवढीच तो बांधतांना करावी. संशोधनांत असें कीं, जातकांत, अर्थशास्त्रांत, सुश्रुतांत व बखरींत जेथें दोर व गांठ येते तेथें वाचकानें रूपकाच्या मागें लगेच धांवूं नये. पालि कथाकारानें वेताचे दोन भाग मोजले व तिसरा राहिला असें लिहिलें, आणि सभासदानें दोन मावळे आधीं चढले असें लिहिलें, तें त्या त्या काळच्या माणसांना दोराचा अनुभव होता म्हणून. पुढील संपादकांनीं अशा स्थळीं पाठभेद निवडतांना हा अनुभव प्रमाण मानावा.

ज्या संग्राहकांपाशीं किल्ल्यांच्या कारखान्यांच्या याद्या, गडकऱ्यांचे हिशेब किंवा मोटस्थळाचे कागद असतील त्यांनीं त्यांतील दोर, नाडे, माळा व शिड्या यांच्या नोंदी लांबी-वजनासह उतरून घ्याव्या, अशी विनंती आहे. हे कागद पाहतांना बारीकसारीक जिन्नस म्हणून त्या ओळी गाळल्या जातात. त्यांत दोराचे हात किती, तो कशाचा, आणि किती दिवसांनीं बदलला, एवढें जरी मिळालें तरी दुर्गांच्या इतिहासांतील एक उपेक्षित प्रकरण लिहितां येईल.